लेकराचं हाड मोडलं तर: नवस, सावड आणि सहा आठवड्यांची मांडणी

हाड मोडलेलं लेकरू दवाखान्यातून घरी आलं की पहिल्या आठवड्यात दारात चपला ठेवायला जागा नसते. भावकी येते, सोयरे येतात, भजनी मंडळ येतं, केळी आणि बिस्किटांचे पुडे साचतात. तिसऱ्या आठवड्यात घरात आई, लेकरू आणि प्लास्टर एवढंच उरतं, आणि कष्टाचं काम तर तेव्हाच सुरू झालेलं असतं. गावात माया कमी नसते. ती सगळी एकदम येते आणि एकदम आटते, म्हणून घराचे हाल होतात. श्रद्धेचंही तसंच आहे. नवस, अंगारा, दोरा, हरिपाठ यांनी घराला मोठा धीर येतो, पण चुकीच्या वेळी किंवा चुकीच्या जागी केलं तर त्याचा त्रास लेकराच्या हातापायाला होतो.

खालचा क्रम मांडीच्या हाडासाठी धरला आहे, कारण त्यात घराची सगळ्यात जास्त ओढाताण होते. पाच-सहा वर्षांखालच्या लेकराला बहुधा कमरेपासून पायापर्यंत प्लास्टर घालतात आणि ते साधारण सहा आठवडे राहतं. मोठ्या मुलांना बऱ्याचदा आतून सळया टाकतात. हाताचं हाड असेल तर कामं कमी होतील, क्रम हाच राहील. घर तुळजाभवानीचं असो, माळेगावच्या खंडोबाचं असो, दर्ग्याला जाणारं असो की विहारात वंदना म्हणणारं असो, त्यानं यात काही बदलत नाही.

१. पहिला तास: आधी दवाखाना, मग देव

क्रम असा ठेवा:

क) १०८ ला फोन करा. गाडी फुकट असते. गावाचं नाव सांगताना जवळची खूणही सांगा: कोणता फाटा, कोणता साखर कारखाना, कोणत्या तांड्याच्या अलीकडे.

ख) पाय आहे त्या स्थितीत बांधा. पुठ्ठा, जाड वर्तमानपत्राची गुंडाळी किंवा सरळ काठी घ्या, मध्ये मऊ कापड घाला. मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा, असे दोन्ही सांधे हलणार नाहीत असं बांधा. वाकडा दिसतो म्हणून ओढून सरळ करू नका. रक्त येत असेल तर स्वच्छ फडक्यानं दाबून धरा. हळद, चहापत्ती, भंडारा जखमेत भरू नका. नंतर ते सगळं खरवडून काढावं लागतं.

ग) लेकराला काही खायला-प्यायला देऊ नका. इथं जवळजवळ प्रत्येक घर चुकतं. कुणी साखरपाणी देतं, कुणी तीर्थ, कुणी पाण्यात कालवलेला अंगारा. भूल देताना पोट भरलेलं असेल तर उलटी फुफ्फुसात जाऊ शकते, म्हणून डॉक्टर ऑपरेशन पुढे ढकलतात. भूल देण्याआधी पोट किती तास रिकामं हवं हे भुलेचे डॉक्टर सांगतील. तोवर तीर्थसुद्धा ओठाला लावायचं नाही. अंगारा कपाळाला लावा, तेवढा पुरे.

घ) निघताना रेशनकार्ड, लेकराचं आणि आईवडिलांचं आधार कार्ड आणि मोबाईलचा चार्जर पिशवीत टाका.

सावध: हाडवैद्याकडे "एकदा दाखवून" पुढे जाऊ नका. सुजलेल्या हातापायाला बांबूच्या कामट्या करकचून बांधल्या की रक्त अडतं. काही तासांत आतले स्नायू मरायला लागतात. मग बोटं कायमची आखडतात, कधी पायच काढावा लागतो. हाडवैद्याचा हात चांगला असल्याच्या गोष्टी प्रत्येक गावात ऐकायला मिळतात. बिघडलेल्या लेकराच्या गोष्टी घराबाहेर पडत नाहीत.

डोक्याला मार लागून उलट्या होत असतील, लेकरू गुंगत असेल किंवा ओळखत नसेल, तर पाय बांधण्यातही वेळ घालवू नका. आधी निघा.

२. दवाखान्यात: एक कारभारी, एक वही

पहिल्या दिवशी पंधरा माणसं दवाखान्यात जमतात. डॉक्टर पाच जणांना पाच वेळा सांगतात आणि घरी सात गोष्टी पोचतात. म्हणून एकच माणूस नेमा. तो बाप नसला तर उत्तम. बाप त्या दिवशी ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतो. मामा, चुलता, शाळेतल्या बाई, आशाताई, यांपैकी लिहिता येणारं आणि शांत डोक्याचं कुणीही चालेल.

त्याच्या हातात दोनशे पानी वही द्या. पाच भाग करा: डॉक्टरांनी सांगितलेलं, पैसे, कामाच्या पाळ्या, नवस आणि शेवटी तपासण्यांच्या तारखा. पुढची सगळी मांडणी या वहीवर चालते.

पैशाचं आधी बघा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अंगीकृत, म्हणजे योजनेशी जोडलेल्या, रुग्णालयात उपचार बिनपैशाचे होतात, पण ऑपरेशनच्या आधी मंजुरी घ्यावी लागते. बहुतेक घरं जवळच्या खासगी दवाखान्यात पैसे भरतात आणि आठवड्यानं योजनेची चौकशी करतात. तोवर उशीर झालेला असतो. दाखल होतानाच योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राचं टेबल शोधा. तो दिसला नाही तर १५५३८८ वर फोन करून विचारा: हा दवाखाना योजनेत आहे का, आणि हे ऑपरेशन त्यात बसतं का? लेकराचं नाव रेशनकार्डावर चढलेलं आहे ना, हेही बघा. मुलं शाळेत जायला लागली तरी नाव चढवायचं राहून गेलेली घरं कमी नाहीत.

सरकारी रुग्णालयात जायचं तर छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, लातूर आणि नांदेड इथली वैद्यकीय महाविद्यालयं हाडांची ऑपरेशनं करतात. नांदेडचं रुग्णालय शहराबाहेर विष्णुपुरीला आहे. डबा घेऊन जाणाऱ्याला ये-जा किती पडेल ते आधी धरा. सोबतच्या माणसांच्या जेवणाची अडचण असेल तर नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातला लंगर सगळ्यांना खुला असतो. तिथं जेवायला संकोच करू नका.

रस्त्यावरचा अपघात असेल तर दवाखान्यात खरं कारण सांगा आणि पोलिसांत नोंद झाली का ते विचारा. "लफडं नको" म्हणून पायऱ्यांवरून पडल्याचं सांगितलं की पुढे भरपाईचा मार्ग बंद होतो. लेकरू पहिली ते बारावीत असेल तर मुख्याध्यापकांकडे राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेची चौकशी करा. प्रस्ताव शाळेमार्फत जातो. नोंदीची किंवा पंचनाम्याची प्रत आणि दवाखान्याची मूळ बिलं जपून ठेवा.

तपासा: घरी सोडण्याआधी वहीत या चार गोष्टी आल्या का? पुढच्या एक्स-रेची तारीख, पाय टेकायचा की नाही, औषध किती वाजता, रात्री काही झालं तर कुठला नंबर.

३. नवस: आधी कागदावर, मग तोंडातून

लेकरू ऑपरेशनला आत गेलं की आजी तुळजापूरला परडी भरायचं बोलते, मामा खंडोबाला, शेजारीण दर्ग्याला कंदुरीचं, म्हणजे बकरं कापून जेवण घालण्याचं. कुणी कुणाला सांगत नाही. तीन महिन्यांनी घरात कळतं की चार देव घेणेकरी होऊन बसलेत आणि "नवस राहिला म्हणून पोरगं लंगडतंय" असं बोललं जातं. त्या बोलण्याचा ओरखडा आईच्या मनावर उमटतो.

म्हणून नवसाचं पान करा. प्रत्येक नवसापुढे चार गोष्टी: कुणी बोलला, कोणत्या देवाला, काय करायचं, खर्च कुणाचा. जो बोलला त्यानंच फेडायचा, हा नियम पहिल्याच दिवशी सांगून टाका. आपोआप नवस आवरते होतात.

बोलतानाच जपायच्या गोष्टी:

लेकराच्या अंगावर काही बोलू नका. लोटांगण, दंडवत, अनवाणी चालणं, उपास, यातलं जे असेल ते मोठ्यांनी स्वतःवर घ्यावं. हाड भरून येत असताना लेकराला एक दिवसही उपाशी ठेवायचं नाही, चतुर्थी असो की रोजा.

वेळ मोकळी ठेवा. "लेकरू चालायला लागलं की पुनवेला येईन" असं बोललं की सगळ्यांची नजर पुनवेवर खिळते. मग डॉक्टरांनी पाय टेकायला नको सांगितलेलं असतानाही "चार पावलं टाकून दाखव" सुरू होतं. "डॉक्टरांनी मोकळं केलं की त्यानंतर येईन" असं बोला. देवीला थांबायला अडचण नसते.

कर्ज काढून नवस नको. बोकड, जेवणावळ, गाडीभाडं यासाठी सावकाराकडे जाण्याची वेळ येत असेल तर ओटी आणि नारळावर नवस बोला.

गुळाच्या तुलेबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण हा नवस आपल्याकडे फार बोलला जातो. लेकराच्या वजनाएवढा गूळ द्यायचा. काट्याच्या पारड्यात बसवताना पाय लोंबकळतो, पारडं हिंदकळतं आणि नुकतं जुळलेलं हाड दुखावतं. शिवाय प्लास्टर असताना तोललं तर वजनही खोटंच येतं. दवाखान्यात भूल देण्याआधी वजन करतात, ते केस पेपरवर असतं. तो आकडा वहीत उतरवून घ्या आणि तेवढा गूळ द्या. लेकराला काट्यावर चढवायची गरजच नाही.

४. अंगारा, दोरा, ताईत: कुठे चालतो, कुठे नाही

कपाळ आणि उशी, या दोन जागा सुरक्षित. अंगाऱ्याची पुडी उशाखाली ठेवा.

दोरा, गंडा किंवा ताईत दुखऱ्या हातापायाला कधीच बांधू नका. सूज रात्रीत वाढते आणि सकाळी सैल वाटलेला दोरा मध्यरात्री मांसात रुततो. प्लास्टरच्या टोकाला बोटाभोवती बांधलेला काळा दोरा तर सगळ्यात वाईट. लहान लेकराच्या गळ्यातही लांब दोरा नको, तो पलंगाला बांधा. ऑपरेशनच्या आधी अंगावरचं सगळं काढायला सांगतात. ते नर्सशी वाद न घालता काढा आणि आजीकडे द्या. तिला ते हातात असल्याचं समाधान राहतं.

प्लास्टरच्या आत काहीही जाऊ द्यायचं नाही: भंडारा, तेल, पावडर, तीर्थ, तांदूळ. बाहेरून सळया लावल्या असतील तर त्यांच्या मुळाशी अंगारा लागला की पू धरतो. आरतीचं ताट लेकराच्या अंगावरून ओवाळताना कापूर आणि निरांजन प्लास्टरच्या आतल्या कापसापासून दूर ठेवा. दृष्ट काढायची तर मीठ-मोहऱ्या खोलीत जाळू नका, बाहेर चुलीत टाका. धुरानं खोकला लागला की मोडलेल्या जागी कळ जाते.

अमावास्या, शनिवार, पितृपक्ष या कारणांनी ऑपरेशनची किंवा तपासणीची तारीख बदलू नका. मोडलेलं हाड पहिल्या दोन आठवड्यांत आतल्या आत सरकू शकतं, म्हणून पहिल्या आठवड्यानंतरचा एक्स-रे सगळ्यात महत्त्वाचा. तेव्हा सरकलेलं दिसलं तर सरळ करता येतं. महिन्यानं गेलात तर ते वाकडंच जुळलेलं असतं. अवसेला घराबाहेर पडायला मन धजत नसेल तर जाताना नारळ फोडा, पण जा.

आणखी एक. आईची पाळी आली म्हणून तिला लेकरापासून बाजूला करणारी घरं अजून आहेत. पोथीजवळ ती बसो न बसो, ते घरानं ठरवावं. पण लेकराची कूस बदलणं, शी-शू काढणं ही पूजा नव्हे, शुश्रूषा आहे. त्यात चार दिवसांचा खंड पडला तर पाठीला जखम होते.

५. घरी आणण्याआधी खोली लावा

बाज चालत नाही. तिची सुतळी मध्ये झोळ खाते आणि कमरेचं प्लास्टर तडकतं. लाकडी पलंग घ्या, नाहीतर बाजेवर जाड फळी टाकून वर गोधडी घाला. साधं प्लास्टर पूर्ण वाळायला दोन दिवस, कधी तीन लागतात. तोवर ते बोटांनी दाबू नका, तळहातांवर उचला. दोन पायांमध्ये आडवी काठी बसवली असेल तर तिला धरून लेकरू उचलू नका, ती मोडते.

पाय उशांवर, छातीपेक्षा उंच, निदान पहिले दोन-तीन दिवस.

दर दोन-तीन तासांनी कूस बदला. टाचा, माकडहाड आणि प्लास्टरची कडा जिथं घासते ती जागा रोज बघा. शी-शूच्या जागी प्लास्टरच्या कडेला प्लास्टिकचा कागद खोचून चिकटपट्टीनं बसवा आणि डोक्याकडची बाजू थोडी उंच ठेवा, म्हणजे ओल वर चढत नाही.

भाकरी भरवताना छातीवर फडकं पसरा. भाकरीचा चुरा प्लास्टरच्या आत गेला की त्यामागे मुंग्या जातात. लेकरू रात्रभर रडतं आणि कारण कुणाला सापडत नाही. खाज सुटली की पट्टी, विणायची सुई, पेन आत घालू नका. बाहेरून टकटक करा किंवा पंख्याचा वारा कडेशी द्या. उन्हाळा असेल तर कूलरचा झोत थेट प्लास्टरवर नको. ते ओलसर पडतं.

पहिले ४८ तास दर दोन तासांनी ही तपासणी करायची, रात्रीसुद्धा:

पायाच्या बोटाचं नख दाबा, पांढरं पडेल. सोडा आणि "एक, दोन" मोजा. तेवढ्यात गुलाबी झालं पाहिजे. बोटं कोमट हवीत, दुसऱ्या पायासारखी. लेकरानं ती हलवून दाखवली पाहिजेत. वहीत वेळ लिहून बरोबरची खूण करा.

सावध: औषध देऊनही दुखणं वाढत चाललं, बोटं निळी, थंड किंवा बधिर झाली, बोट सरळ करताच लेकरू किंचाळलं, तर त्याच क्षणी दवाखान्यात जा. सकाळची वाट नको, कुणाला विचारणं नको, आधी देवऋष्याकडे जाणं तर नकोच. ताप, प्लास्टरमधून घाण वास किंवा ओला डाग दिसला तर त्याच दिवशी जा.

६. भेटायला येणारे

माणसं येणारच, आणि ती आलीच पाहिजेत. पण वेळ ठरवा: संध्याकाळी पाच ते सात. दारावर कागद लावा. तोंडानं सांगितलं की राग येतो, कागदाचा येत नाही. आत एका वेळी दोघं. सर्दी-खोकला असेल त्यानं ओट्यावर बसावं. पलंगावर कुणीही बसू नये; गादी हलली की हाड हलतं.

लेकरासमोर तीन गोष्टी बोलायच्या नाहीत. "देवाचा कोप", "बाहेरचं काहीतरी", आणि "अमक्याच्या पोराचा पाय असाच राहिला". सहा वर्षांच्या लेकराला हे सगळं कळतं आणि रात्री अंधार झाल्यावर आठवतं. ते गाडीवरून कसं पडलं हे प्रत्येक पाहुण्याला नव्यानं सांगायला लावू नका. एकदा आजीनं सांगावं.

हरिपाठासाठी मंडळी येत असतील तर फार चांगलं. लाउडस्पीकर नको, पखवाज बाहेरच्या खोलीत, आणि आठच्या आत संपवा. त्यातून एक उपयोगही करून घ्या. डॉक्टर दिवसातून बऱ्याचदा बोटं हलवायला सांगतात आणि लेकरू कंटाळतं. हरिपाठाच्या प्रत्येक ध्रुपदाला त्यानं पायाची बोटं वर-खाली करायची, असं ठरवा. सगळे अभंग होईपर्यंत भरपूर व्यायाम होतो आणि सगळ्यांबरोबर केल्यानं लेकराला त्याची मौज वाटते. वंदनेच्या गाथा, दुआ, गाणी, काहीही चालेल. ताल हवा.

७. सावड: सहा आठवड्यांची वाटणी

सावड म्हणजे आळीपाळीनं एकमेकांच्या कामाला जाणं. हा भाग सगळ्यात जास्त चुकतो. "काही लागलं तर सांगा" म्हणणाऱ्याला कुणी सांगत नाही. म्हणून कारभाऱ्यानं पहिल्या भेटीतच वही उघडावी आणि काम, वार, आठवडा विचारावा.

जेवण: सात घरं, एकेका घराचा एक वार, फक्त संध्याकाळचा डबा. सहा आठवड्यांत प्रत्येक घराला सहाच डबे पडतात, म्हणून कुणी दमत नाही. पहिल्या आठवड्यात सात घरं एकाच दिवशी डबे आणतात आणि अन्न वाया जातं; ते असं थांबतं. डब्यात काय हवं तेही सांगा: डाळ, उसळ, अंडं, दूध, दही, तिळाची किंवा शेंगदाण्याची चटणी, पालेभाजी. आंबटानं जखमेत पू होतो, वरणानं वात होतो म्हणून लेकराला नुसत्या पेजेवर ठेवतात, त्यानं अशक्तपणा येतो. हाडाला डाळ, दूध, अंडं लागतंच. झोपून राहिल्यानं शी कडक होते, म्हणून पाणी आणि भाज्या जास्त, बिस्किटं कमी.

पाणी: टँकरच्या गावात हे स्वतंत्र काम धरा. अंथरुणावरच्या लेकराची धुणी, पुसणी, गोधड्या यांना रोज चार-पाच घागरी जास्तीच्या लागतात आणि टँकर आला की आई पलंगापासून उठू शकत नाही. शेजारचं एक घर पाण्यासाठी बांधून घ्या.

रात्र: आठवड्यातून निदान दोन रात्री आईला सलग झोप मिळाली पाहिजे. आत्या, मावशी, जाऊ, ज्या कुणी येतील त्यांना कूस बदलणं आणि नखाची तपासणी दिवसा उजेडात शिकवून ठेवा. रात्री पहिल्यांदा शिकवू नका.

शेत: दुखापत सोयाबीन काढणीच्या किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत झाली तर बाप दोन्हीकडे ओढला जातो. सावडीचे दिवस मागा आणि लिहून ठेवा, कुणाचे किती. दूध काढणं, गुरांचा चारा हे रोजचं काम एकाच माणसाकडे द्या.

गाडी: तपासणीच्या तारखा कळल्या की त्याच दिवशी गाडीवाला ठरवा. कमरेच्या प्लास्टरला मोटारसायकल किंवा साधी बसायची सीट चालत नाही; मागची सीट आडवी मोकळी असलेली गाडी हवी.

आठवड्यांचा हिशेब असा बघा: पहिल्यात माणसं जास्त आणि कामं कमी. त्यामुळे पहिल्या आठवड्यात हात वर करणाऱ्या निम्म्या लोकांची नावं मुद्दाम तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात लिहा. "तुम्ही आत्ता नको, चौथ्या आठवड्यात या" असं सरळ सांगा. कुणाला वाईट वाटत नाही. आदल्या दिवशी मात्र आठवणीचा फोन करा.

पैसे: मदतीचे पैसे एकाच खात्यावर घ्या, नाव आणि रक्कम वहीत लिहा, परत करायचे की आहेर म्हणून आले तेही लिहा. बचत गटातून घेतलेले वेगळे लिहा. लेकराचा जखमेचा, उघड्या अंगाचा फोटो आणि खात्याचा नंबर व्हॉट्सअॅपवर फिरवू नका. तो फोटो लेकरू दहावीत गेलं तरी फिरत राहतो, आणि नंबर बदलून पैसे लाटणारे असतात. "आमच्या देवाला अमुक हजार द्या, पोरगं आठ दिवसांत चालेल" म्हणणाऱ्याला या पैशातला एक रुपयाही नको.

ऊसतोडीचं घर असेल तर: दसऱ्यानंतर टोळी गेलेली असते आणि लेकरू फडात किंवा ट्रॉलीवरून पडतं. योजना दुसऱ्या जिल्ह्यातल्या अंगीकृत रुग्णालयातही चालते, म्हणून निघतानाच रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. कोपीत (फडावरच्या झोपडीत) नको, मुकादमाकडेही नको, आईच्या पिशवीत. उपचारासाठी मुकादमाकडून वाढीव उचल (आगाऊ पैसे) घेण्याआधी योजनेचं बघा. कोपीत कमरेचं प्लास्टर सांभाळणं जवळजवळ अशक्य आहे. आई आणि लेकरू गावी परतणं, कोयत्याला (ऊस तोडणाऱ्या जोडीला) जोडीदार म्हणून भावकीतलं कुणी जाणं, हे मुकादमाशी चार माणसांसमोर बोलून घ्या आणि हिशेब लिहून घ्या.

८. दुपारचे चार तास

सकाळ आवरण्यात जाते, संध्याकाळ माणसांत. बारा ते चार हा वेळ लेकराला खायला उठतो. शाळेतले दोन मित्र आळीपाळीनं, वही घेऊन, तासभर येऊ द्या. अंगणवाडीताईंना चित्रं, मणी मागा. मोबाईल पूर्ण बंद होणार नाही, पण तो या चार तासांतच द्या आणि झोपेच्या आधी काढून घ्या. आजीकडे एक काम द्या: रोज एक गोष्ट, उद्यासाठी अर्धी सोडून.

लेकरू "मला देवानं का पाडलं?" असं विचारतं. त्याला उत्तर द्या: पाय गाडीवरून घसरला म्हणून पडलास, देवानं नाही पाडलं, आणि आता डॉक्टर, आई, आजी आणि देव सगळे मिळून तुझा पाय बरा करतायत. सगळ्या घरानं हेच एक उत्तर द्यावं.

९. प्लास्टर निघाल्यावर

पाय बारीक, केसाळ आणि सालपटं निघालेला दिसतो. घाबरू नका. कोमट पाण्यानं भिजवून हलक्या हातानं पुसा, घासू नका. त्वचेला थोडं खोबरेल लावलं तरी चालेल.

सावध: चोळणारी बाई किंवा मालिशवाला बोलावू नका. विशेषतः कोपराला. मोडलेल्या कोपराला रगडून तेल लावलं, जोर लावून वाकवलं की स्नायूंत नवं हाड धरतं आणि सांधा कायमचा आखडतो. सांधा लेकरानं स्वतःच्या जोरानं हलवायचा असतो, दुसऱ्यानं ओढायचा नसतो.

पाय कधी, किती टेकायचा हे एक्स-रे बघून डॉक्टर सांगतात. लंगडणं काही आठवडे, कधी काही महिने राहतं. या दिवसांत पाहुण्यांसमोर चालून दाखवायला लावू नका. दोन्ही पायांची लांबी आणि चाल बघण्यासाठी पुढच्या तपासण्या चुकवू नका. दुखायचं थांबलं की घरं तिकडे फिरकत नाहीत.

१०. नवस फेडणं आणि वही मिटणं

डॉक्टरांनी पायऱ्या चढ-उतरायला मोकळं केलं, की वहीतलं नवसाचं पान काढा. तुळजापूरला देऊळ खोलात आहे, महाद्वारातून पायऱ्या उतरून जावं लागतं. मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा आणि नवरात्र टाळा. रेट्यात लेकराचा पाय सापडतो. औंढा नागनाथाच्या गाभाऱ्यात तर अरुंद पायऱ्यांनी वाकून खाली उतरावं लागतं. तिथं लेकराला बाहेर बसवून मोठ्यांनी दर्शन घ्यावं. परळीलाही पायऱ्या आहेत, मध्ये बसत-उठत जा. तीर्थात अंघोळ करायची तर ऑपरेशनची जखम पूर्ण भरलेली हवी. गूळ केस पेपरवरच्या वजनाचा.

मग सावडीचं पान. ज्यांनी आपल्या रानात दिवस दिले त्यांच्या नावापुढे किती दिवस ते लिहिलेलं आहेच. पुढच्या पेरणीला किंवा काढणीला ते परत करा आणि खूण करा. घरात राहिलेले दुसऱ्यांचे डबे झाकणासकट शोधून, रिकामे न देता मूठभर शेंगदाणे घालून पोचते करा. वही जपून ठेवा. गल्लीत दुसऱ्या कुणाचं लेकरू पडलं, तर त्याच दिवशी ती त्यांच्या हातात द्या.